ओळखीची यंत्रे – भाग ५ : राबणारा हात आणि कॅमेऱ्यापुढचा चेहरा

कोल्हापूरचे नाव ज्या वस्तूंनी दूरवर नेले, त्या बहुतेक हाताने घडतात. सुभाषनगरात चामडे कापून, ठोकून, वादीने शिवून चप्पल तयार होते. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. हुपरीत चांदीचे पैंजण घडतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत मोल्डर वाळूचे साचे भरतात. गळीत हंगामात शिवारात कोयते चालतात आणि गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीपाशी उभा असतो. या हातांना रेशन दुकानातले ई-पॉस यंत्र मात्र दर वेळी ओळखेलच असे नाही. "अंगठा लागत नाही," हे वाक्य तिथे वारंवार ऐकू येते.

असे का होते, हे समजायला त्वचेकडे पाहावे लागते. बोटांच्या टोकांवरची नक्षी गर्भातच, चौथ्या महिन्याच्या सुमारास पक्की होते आणि जन्मभर तीच राहते. याच स्थैर्यावर विसंबून १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांचे कार्यालय उभे राहिले आणि अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत बसवली. पण नक्षी कायम असली, तरी त्वचेवरचा तिचा उठाव अगदी सूक्ष्म असतो. वाळू, चुना, सिमेंट, धुण्याचा सोडा यांनी तो घासला जातो. वय वाढले की त्वचा कोरडी आणि सैल होते. काही दिवस हाताला विश्रांती मिळाली, तर रेषा बहुधा पुन्हा उमटतात. रोजंदारीवरच्या माणसाला ती विश्रांती कुठून मिळणार?

ई-पॉस यंत्र अंगठा जुळवते तो आधारच्या नोंदीशी. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. नोंदणीच्या वेळी प्रौढ व्यक्तीच्या दहा बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळे आणि चेहरा टिपला जातो. या योजनेवरील सुनावणीत २०१८ साली आधार प्राधिकरणाने सर्वोच्च न्यायालयापुढे जी आकडेवारी ठेवली, तीत सरकारी सेवांमधील जुळणीचा यशदर ८८ टक्के होता. म्हणजे शंभरातल्या बारा वेळा माणूस समोर असूनही त्याची ओळख पटत नव्हती. जुळणी फसली म्हणजे लाभ नाकारला असे नव्हे, असे प्राधिकरणाचे म्हणणे होते. कागदावर ते बरोबर आहे. पण रोज बुडवून दुकानात आलेल्या बाईला "उद्या या" असे सांगितले गेले, तर तिच्या दृष्टीने धान्य नाकारल्यासारखेच झाले.

या अडचणीवर उपाय म्हणून चेहरा पुढे आला. निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला डिजिटल पद्धतीने देण्याची सोय नोव्हेंबर २०१४ पासून होती, पण तिला बोट किंवा बुबुळ लागे. नोव्हेंबर २०२१ पासून साध्या स्मार्टफोनच्या कॅमेऱ्यापुढे चेहरा धरून तो देता येऊ लागला. शिधापत्रिकेची ई-केवायसीही आता घरबसल्या चेहऱ्यावरून करता येते. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांसाठी ही सोय मोलाची आहे.

इथे यंत्र नेमके काय करते? कॅमेरा आधी चित्रातला चेहरा शोधतो आणि डोळे, नाक, ओठ यांच्या आधाराने तो सरळ करतो. पापण्या मिटायला सांगून समोर छायाचित्र नसून जिवंत माणूस असल्याची खात्री केली जाते. मग न्यूरल नेटवर्क त्या चेहऱ्याचे आकड्यांच्या एका माळेत रूपांतर करते. गूगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेल्या 'फेसनेट' पद्धतीत ही माळ १२८ आकड्यांची होती. दोन माळांमधले अंतर ठरावीक मर्यादेच्या आत आले, की चेहरा जुळला. ही मर्यादा चाळणीच्या छिद्रासारखी असते: छिद्र बारीक केले तर खरा माणूसही अडकतो, मोठे केले तर भलताच आत येतो.

हयातीच्या दाखल्यात एका चेहऱ्याची त्याच माणसाच्या नोंदीशी तुलना होते. गर्दीतला कॅमेरा मात्र एक चेहरा हजारो नोंदींशी ताडून पाहतो, आणि तिथे चुकांचे गणित बदलते. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला किंवा चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर एक लाख माणसे कॅमेऱ्यासमोरून गेली आणि यंत्र हजारात एकदाच चुकले असे धरले, तरी शंभर निरपराध भाविकांवर संशयिताचा शिक्का बसेल. शिवाय बोट काचेवर टेकवताना माणसाला ते कळते. चेहरा दुरून, नकळत टिपता येतो.

हा धोका काल्पनिक नाही. अमेरिकेच्या 'निस्ट' या संस्थेने २०१९ मध्ये केलेल्या तपासणीत अनेक प्रणाली आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांबाबत गोऱ्या चेहऱ्यांपेक्षा दहा ते शंभर पट अधिक वेळा चुकीची जुळणी करताना आढळल्या. डेट्रॉइटजवळ जानेवारी २०२० मध्ये एका कृष्णवर्णीय गृहस्थाला अशाच चुकीच्या जुळणीवरून कुटुंबासमोर अटक झाली. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारात दिलेल्या उत्तरानुसार ८० टक्क्यांवरील साम्य तिथे जुळणी म्हणून धरले जाते. महाराष्ट्र पोलिसांच्या 'अँबिस' प्रणालीतही बोटे, तळवे आणि बुबुळांबरोबर चेहऱ्यांचा संग्रह आहे. म्हणून यंत्राचे उत्तर हा तपासाचा पहिला धागा मानावा. त्यावरून थेट कुणाला अटक होता कामा नये.

रेशनच्या बाबतीत नियम स्पष्ट आहे. ठसा जुळला नाही म्हणून लाभार्थ्याला परत पाठवू नये, असे निर्देश केंद्राने ऑक्टोबर २०१७ मध्येच दिले. बुबुळ, मोबाइलवरचा ओटीपी आणि तेही न जमल्यास नोंदवहीत नोंद करून धान्य देणे, असे पर्याय आहेत. दुकानदाराकडे ते मागण्यात संकोच बाळगू नये. तो हक्क आहे. झिजलेल्या ठशांचे आधार केंद्रावर अद्ययावतीकरण करून घेता येते. वापर नसताना स्वतःचे बायोमेट्रिक कुलूपबंद ठेवण्याची सोयही आहे. चौकशीसाठी आधारचा मदत क्रमांक १९४७ आहे. घरातल्या थकलेल्या माणसांसाठी ही कामे तरुणांनी करून द्यावीत.

(पुढील भागात : शाळा, कारखाने आणि कार्यालयांतली बायोमेट्रिक हजेरी, आणि २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा)