रोजचे शंभर रुपये

माझ्या अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. गल्ल्याशेजारी एक लाल वही असे. पंक्चरचे पैसे आले की लिहायचे, चहाचे गेले की लिहायचे. मी बी.ए. झालो, कविता लिहू लागलो, पण ती वही काही माझ्याकडे आली नाही. हिशेब म्हणजे कद्रूपणा, असं उगीचच वाटत राहिलं.

मुलगी पुण्याला शिकायला गेली तेव्हा महिन्याला ९००० रुपये पाठवू लागलो. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली ती वाळलेली. आईनं खोदून विचारलं तेव्हा कळलं, महिन्याच्या शेवटी ती रात्री बिस्किटांवर झोपत होती. परीक्षेच्या फॉर्मसाठी तिनं मोबाईलवरच्या एका अ‍ॅपकडून कर्जही घेतलं होतं, आणि वसुलीचे फोन तिच्या मैत्रिणींना जात होते. मी आवाज चढवणार, तोच ती म्हणाली, "अब्बू, पैसे जातात कुठे तेच कळत नाही हो."

हे खोटं नव्हतं. नोट मोडली की खिसा हलका झालेला हाताला कळतो. २०१६ साली यूपीआय आलं आणि पैसे देणं बोटाच्या टोकावर आलं. सोय मोठी, पण खिसा हलका झाल्याचं हाताला कळेनासं झालं. मात्र त्याच फोनमध्ये प्रत्येक व्यवहाराची नोंदही असते. यूपीआय अ‍ॅपमधला मागचा हिशेब उघडा, बँकेच्या अ‍ॅपमधून महिन्याचा उतारा काढा. एक लक्षात ठेवा. यूपीआय लाइटमधून दिलेल्या छोट्या रकमा पासबुकात एकेक करून दिसत नाहीत, तिथं फक्त लाइटमध्ये भरलेली रक्कम दिसते. बाकीचं अ‍ॅपमध्येच पाहावं लागतं.

त्या रात्री आम्ही गुगल शीट्स उघडलं. ते फुकट आहे. संगणक असेल तर लिबरऑफिसही फुकट मिळतं. चार रकाने पुरतात : तारीख, कशासाठी, किती, कोणत्या सदरात. बेरीज यंत्र करतं. खोली ३५००, सकाळचा डबा १६००, प्रवास-रिचार्ज-झेरॉक्स ९००. उरले ३०००, म्हणजे रोजचे शंभर. रात्रीचं जेवण ८० रुपये, त्याचे महिन्याचे २४००. राहिले ६००. चहा-नाश्त्याचे निघाले ११६०, आणि खोलीतल्या मैत्रिणींसाठी भरलेले ६४० परत आलेच नव्हते. तूट १२०० रुपयांची, म्हणजे बरोबर पंधरा रात्रींचं जेवण!

उधळपट्टी कुठंच नव्हती. परीक्षेच्या फॉर्मला मात्र त्यात रकानाच नव्हता. पैसे पाठवताना तो मी धरलाच नव्हता. कागद तिचा होता, पण चूक माझीही निघाली.

मग उपाय सुचत गेले. दोन्ही वेळचा डबा ३२०० रुपयांत मिळाला, ८०० वाचले. मैत्रिणींमधला देण्याघेण्याचा हिशेब स्प्लिटवाइजवर गेला. कोण कुणाचं किती देणं लागतं हे ते अ‍ॅपच सांगतं, त्यामुळे मागण्याचा संकोच उरत नाही. फुकटच्या आवृत्तीत दिवसाला मोजक्याच नोंदी होतात, पण एका खोलीला तेवढ्या पुरतात. २०२५ मध्ये भीम अ‍ॅपमध्येही खर्च वाटून घेण्याची सोय आली.

माझी अम्मी किराणा, दूध, औषध यांचे पैसे वेगवेगळ्या डब्यांत ठेवायची. लेकीनं यूपीआय लाइटचा तसा डबा केला. वरखर्चाची आठवड्याची रक्कम सोमवारी त्यात टाकायची, संपली की थांबायचं. त्यातली आपोआप पैसे भरण्याची सोय तेवढी बंद ठेवायची, नाहीतर डब्याला बूड राहत नाही.

फुकट अ‍ॅप घेताना ते काय मागतं ते पाहावं. खर्चाची बेरीज करायला तुमच्या मित्रांचे नंबर कशाला हवेत? कर्जाच्या अ‍ॅपना फोनमधले संपर्क वाचायला रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्येच मनाई केली आहे. नोंदणीकृत वित्तसंस्थांच्या कर्ज-अ‍ॅपची यादी जुलै २०२५ पासून तिच्या संकेतस्थळावर आहे. त्या यादीत नाव नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. कुणी फसवलं किंवा धमकावलं तर १९३० या क्रमांकावर तक्रार करता येते.

कर्ज आम्ही फेडलं. परीक्षेच्या फॉर्मसाठी आता मी दरमहा वेगळे पैसे बाजूला टाकतो. ते आणायचे कुठून, हे शोधायला मीही एक तक्ता केला. माझ्या पान-चहाचे ७४० रुपये निघाले! लेकीचा तक्ता मात्र मी उघडून पाहत नाही. हिशेब तिचा आहे. मी फक्त फोनवर विचारतो, "जेवलीस का?" ती हो म्हणते, आणि आता त्यावर विश्वास बसतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)