आईच्या गुपिताचे गाणे

मे २०१८ मध्ये न्यूयॉर्कला एका समारंभात ग्लोरिया कार्टर नावाच्या बाईंचा सत्कार झाला. बाई गायिका नव्हेत, नटी नव्हेत, लेखिकाही नव्हेत. ब्रुकलिनमधल्या सरकारी चाळवजा वसाहतीत चार मुले वाढवलेली ही आई. नवरा घर सोडून गेला तेव्हा धाकटा शॉन अकरा वर्षांचा होता. हाच शॉन पुढे ‘जे-झी’ या नावाने अमेरिकेतला सर्वांत श्रीमंत संगीतकारांपैकी एक झाला. रॅप हा त्याचा प्रांत. रॅप म्हणजे तालावर शब्दांची सरबत्ती. आमच्या पिढीला तो गोंगाट वाटतो, पण घरातल्या नातवंडांना विचारा, ती तोंडपाठ म्हणून दाखवतील.

जून २०१७ च्या अखेरीस जे-झीचा ‘४:४४’ हा संग्रह आला. त्यातल्या ‘स्माइल’ या गाण्यात त्याने जगाला सांगितले की, माझ्या आईचे प्रेम स्त्रियांवर आहे आणि हे लपवताना तिला आयुष्यभर नाटक करावे लागले. गाण्याच्या शेवटी खुद्द आईचा आवाज येतो. स्वतः लिहिलेले मुक्तक ती स्वतः म्हणते. पोराने आईचे गुपित परस्पर फोडले, असा हा मामला नाही. आधी तिने त्याला सांगितले. त्याला ते मनोमन ठाऊक होतेच, पण उभ्या आयुष्यात दोघांत त्या विषयावर शब्द निघाला नव्हता. तिने तोंडाने सांगितले तेव्हा आपल्याला रडू आले, ती मोकळी झाली या आनंदाने रडू आले, असे त्याने नंतर एका मुलाखतीत सांगितले. त्या गाण्यासाठी हा विशेष सन्मान होता आणि तो घ्यायला आई आली होती.

सन्मान देणाऱ्या संस्थेचे नाव ‘ग्लाड’. समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांचे वृत्तपत्रांत, चित्रपटांत, गाण्यांत कसे चित्रण होते, यावर ही संस्था नजर ठेवते आणि ज्यांनी ते माणुसकीने केले त्यांना दरवर्षी पुरस्कार देते. संस्थेचा जन्म १९८५ चा. त्या काळात एड्सने न्यूयॉर्कमध्ये तरुण माणसे पटापट मरत होती आणि ‘न्यूयॉर्क पोस्ट’सारखी वृत्तपत्रे त्यांच्या मरणाच्या चटकदार बातम्या छापत होती. मेलेल्या माणसाची बदनामी झाली तर कोर्टात कोण जाणार? तेव्हा त्यांचे मित्र, लेखक, पत्रकार एकत्र आले. ‘बदनामीविरोधी आघाडी’ असाच संस्थेच्या मूळ नावाचा अर्थ होता. दोन वर्षांनी, १९८७ साली, त्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या संपादकांना गाठून ‘गे’ हा साधा शब्द वापरायला राजी केले. तोवर त्या प्रतिष्ठित दैनिकात वैद्यकीय पुस्तकातला रोगाच्या नावासारखा शब्द चाले. मग १९९० पासून पुरस्कार सुरू झाले. म्हणजे आधी निषेध, मग शब्दांची घासाघीस आणि शेवटी शाबासकी. क्रम मला शहाणपणाचा वाटतो. नुसत्या निषेधाने संपादक बदलत नाहीत, हे वृत्तपत्रात चार ओळी लिहिलेला कोणीही सांगेल.

शब्दाचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडेही पाहू. मराठीत या माणसांसाठी बरेच शब्द होते, पण त्यातला एकही जेवणाच्या पानावर उच्चारण्यासारखा नव्हता. तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आले १९८१ मध्ये. स्त्रीवर प्रेम करणारी नायिका मराठी प्रेक्षकाने तेव्हा पाहिली आणि घरी जाऊन तो त्याबद्दल फारसे बोलला नाही. ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक मुंबईत १९९० ला निघाले. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली ‘समपथिक’ ही संस्था काढली आणि या विषयावर सरळ, न लाजता मराठीत पुस्तके लिहिली. आज वर्तमानपत्रात ‘समलिंगी’ हा शब्द सहज येतो, तो अशा माणसांच्या चिकाटीने रुळला.

आता संगीताकडे. गाण्याचे एक आहे. ते विचारल्याशिवाय घरात शिरते. नाटकाला तिकीट काढावे लागते, पुस्तक उघडावे लागते. गाणे मात्र रिक्षात, लग्नाच्या मांडवात, शेजाऱ्याच्या खिडकीतून कानावर पडतेच. ते गाणारा कोण, त्याचे प्रेम कोणावर, हे कळेपर्यंत ते आवडून गेलेले असते.

याचे मोठे उदाहरण आपल्या पाचगणीशी जोडलेले आहे. झांजिबारला जन्मलेला फारुख बलसारा हा पारशी मुलगा आठ वर्षांचा असताना पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत बोर्डिंगला आला. तिथे तो पियानो शिकला आणि मुलांच्या ‘हेक्टिक्स’ नावाच्या वाद्यवृंदात वाजवू लागला. पुढे इंग्लंडमध्ये त्याने फ्रेडी मर्क्युरी हे नाव घेतले आणि ‘क्वीन’ या वाद्यवृंदाचा तो आवाज झाला. रंगमंचावर त्याच्याइतका बेधडक माणूस नसेल, पण स्वतःच्या प्रेमाबद्दल आणि आजाराबद्दल तो जाहीरपणे गप्प राहिला. एड्स झाल्याचे त्याने निवेदनाद्वारे कबूल केले ते २३ नोव्हेंबर १९९१ रोजी. दुसऱ्या दिवशी तो गेला. वय पंचेचाळीस. १९९२ च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या संगीतक्षेत्राने त्याला ब्रिट पुरस्कार दिला, तो घ्यायला त्याचे साथीदार गेले. मरणानंतरचा पुरस्कार हा मागे राहिलेल्यांच्या समाधानासाठी असतो. फ्रेडीला तो जिवंतपणी, सगळे सांगून, घेता आला असता का, हा प्रश्न मात्र ‘क्वीन’ची गाणी कानावर पडली की मला छळतो.

त्याच सुमारास वारे फिरू लागले होते. कॅनडाची के. डी. लँग हिने १९९२ मध्ये आणि अमेरिकेच्या मेलिसा एथरिजने १९९३ मध्ये आपण कोण आहोत ते जाहीर केले. धंदा बुडेल अशी धास्ती होती, पण एथरिजचा सर्वांत गाजलेला संग्रह त्यानंतरच आला. समलिंगी संगीतकारांसाठी वेगळे पुरस्कारही १९९६ मध्ये अमेरिकेत सुरू झाले आणि २००० नंतर बंद पडले. छोट्या संस्थांचे असेच होते. उत्साह अमाप आणि हिशेबाच्या वहीत खडखडाट.

पुरस्कार दिला म्हणून माणूस आपला झाला असे नाही, हेही ‘ग्लाड’ला लवकरच कळले. ज्या एल्टन जॉनचा तिने गौरव केला होता, तोच फेब्रुवारी २००१ मध्ये ग्रॅमीच्या रंगमंचावर एमिनेम या रॅपरबरोबर गायला उभा राहिला. एमिनेमच्या गाण्यांत समलिंगींना सर्रास शिव्या असत. बाहेर रस्त्यावर ‘ग्लाड’चे लोक फलक घेऊन उभे आणि आत हे दोघे एकमेकांना मिठी मारताहेत! एल्टनचे म्हणणे असे की भांडण्यापेक्षा पूल बांधावा. दोघांची मैत्री पुढे टिकली. निदर्शने करणारेही माझ्या मते चुकले नाहीत. पूल बांधणाऱ्याला शिव्या सोसायची सवय असेल, पण शाळेच्या मैदानावर त्याच शिव्या खाणाऱ्या चौदा वर्षांच्या पोराला त्या पुलाचा तूर्त काय उपयोग?

दुसरा आक्षेप नेहमीचा. हे सोहळे म्हणजे झगमगाट, देणगीदारांच्या पंगती आणि मिरवायला आलेले तारे. सन्मान पुष्कळदा अशा लोकप्रिय गायकांना जातो जे स्वतः समलिंगी नसतात आणि ज्यांना सहानुभूती दाखवताना फार काही गमवावे लागत नाही. मार्च २०१९ मध्ये जे-झी आणि त्याची बायको बियॉन्से या दोघांना ‘ग्लाड’चा मोठा पुरस्कार मिळाला तेव्हा हीच कुरकुर झाली. पण त्या रात्री बियॉन्से बोलली ती तिच्या जॉनीमामाबद्दल. ‘मामा’ हे आपले लाडाचे म्हणण्यापुरते. नात्याने तो तिच्या आईचा भाचा, म्हणजे हिचा मावसभाऊच, पण वयाने मोठा. तो शिवणकामात वाकबगार. त्याने तिला आणि तिच्या बहिणीला वाढवायला मदत केली, त्यांचे कपडे शिवले. एचआयव्हीने तो गेला. २०२२ चा ‘रेनेसान्स’ हा नृत्यसंगीताचा संग्रह तिने त्याच्या आठवणीशी जोडला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याला ग्रॅमी मिळाले तेव्हा मामाचे आभार मानून, हे संगीत ज्यांनी जन्माला घातले त्या समलिंगी समाजाचेही मानले. ते तिचे बत्तिसावे ग्रॅमी; इतकी तोवर कोणालाच मिळाली नव्हती. घराघरात असा एखादा मामा असतो, कपडे शिवणारा, पोरांना जीव लावणारा, ज्याच्या लग्नाचा विषय निघाला की सगळे चहाच्या कपात बघतात. एवढ्या मोठ्या व्यासपीठावरून त्याचे नाव घेतले जाणे ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

ग्रॅमीच्याच २०१४ च्या सोहळ्यात ‘सेम लव्ह’ हे गाणे सुरू असताना तेहेतीस जोडप्यांचे विवाह लागले, काही स्त्री-पुरुषांचे, काही समलिंगी. लग्न लावले क्वीन लतीफा या गायिकेने. पुरस्कार त्या गाण्याला मिळाला नाही, पण गाण्यापेक्षा तो मांडवच लोकांच्या लक्षात राहिला.

इथे बँकेतले एक सांगतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी अधिकारी होतो. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवणारे एक गृहस्थ खातेदार होते. एका शिंप्याबरोबर एकाच खोलीत बरीच वर्षे राहत. एकदा मुदत ठेव घेऊन आले आणि नामनिर्देशनाचा फॉर्म भरताना ‘नाते’ या रकान्याशी अडले. शिंपी शेजारी उभा.

“साहेब, इथं काय लिहू?”

फॉर्मवर त्या शब्दापुढे ‘असल्यास’ असे छापलेले असते. ते मी बोटाने दाखवले आणि म्हटले, “रिकामं ठेवलंत तरी चालतं.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि रकाना रिकामा राहिला. दीड-दोन वर्षांत क्लॅरोनेटवाले कावीळ होऊन गेले. गावाकडचा भाऊ काउंटरवर येऊन तावातावाने बोलला, “हा कोण लागतो त्याचा?” नियमाप्रमाणे पैसे नामनिर्देशितालाच द्यायचे होते, ते दिले. वारसांना वाटले तर कोर्ट होते. कोणी गेले नाही. सही करून झाल्यावर शिंपी हळूच म्हणाला, “पैशाचं राहू द्या साहेब, भावानं वाद्य नेलंय. ते मिळंल का?” त्याचा फॉर्म आमच्याकडे नव्हता.

ऑगस्ट २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने आणि अर्थखात्याने स्पष्ट केले की अशा जोडीदारांना संयुक्त खाते उघडायला आणि एकमेकांचे नाव लावायला आडकाठी नाही. त्याआधी सप्टेंबर २०१८ मध्ये ३७७ कलमाचा काच गेला होता. लग्नाची मान्यता मात्र सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये नाकारली. म्हणजे नातेवाईक म्हणून वाद्य मागायची सोय आजही नाही.

आपल्याकडे असे पुरस्कार आहेत का? एक मजेदार दाखला मुंबईचा आहे. जानेवारी २०१६ मध्ये सहा तृतीयपंथी कलावंतांचा ‘सिक्स पॅक बँड’ रसिकांसमोर आला. मागे पैसा एका चहाच्या ब्रँडचा. सिग्नलवर ज्यांना पाहून आपण गाडीची काच वर करतो, ती माणसे हसत गात होती. त्याच वर्षी फ्रान्समधल्या कानच्या जाहिरात महोत्सवात भेदभावाविरुद्धच्या कामासाठी असलेला सर्वोच्च ‘ग्लास लायन’ या मोहिमेला मिळाला. तृतीयपंथीयांना सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये ओळख दिली होती, त्याला जेमतेम दोन वर्षे झाली होती. बक्षीस जाहिरातीचे होते, हे विसरून चालणार नाही. चहा खपला असेल तर खपो. पण टाळी वाजवून पैसे मागणाऱ्या हातांना स्वरांसाठी टाळ्या मिळाल्या, हे दृश्य पैसे देऊनही पूर्वी कोणी तयार केले नव्हते.

आणि दुसरा दाखला सौंदत्तीच्या यल्लम्माच्या मुलखातला. कोल्हापूर-बेळगावकडच्या वाचकांना जोगते-जोगतिणी, डोक्यावरचा जग आणि चौंडके नवे नाही; राजन गवसांच्या कादंबऱ्यांनी ते जग मराठीत आणले. बल्लारी भागातल्या मंजम्मा जोगती याच परंपरेतल्या. मुलगा म्हणून जन्म, पौगंडात घरातून तुटणे, भीक, आत्महत्येचा प्रयत्न, मग कल्लव्वा जोगतींकडे नाच-गाण्याचे शिक्षण. २०१९ मध्ये त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या; त्या पदावर बसलेल्या पहिल्या तृतीयपंथी. २०२१ साली पद्मश्री. हा सन्मान स्वीकाराच्या प्रचारासाठी दिलेला नाही, लोककलेसाठी दिलेला आहे, आणि मला तो म्हणूनच अधिक मोलाचा वाटतो. ‘ग्लाड’च्या पुरस्काराची गरज आहे तोवर तो असावा, पण मंजम्मांना बोलावले ते नाचगाण्यासाठी.

नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रपती भवनात नाव पुकारल्यावर त्या राष्ट्रपती कोविंद यांच्यासमोर आल्या आणि पदक घेण्याआधी साडीच्या पदराने त्यांची दृष्ट काढली. दरबार हॉलमधले सगळे हसले, राष्ट्रपतीही हसले, आणि मग टाळ्या वाजल्या.