मेलेलं गहाण

बुद्धिबळात आपण समोरच्याच्या राजाला ‘शह’ देतो आणि वाण्याचं बिल भागवायला ‘चेक’ देतो. हे दोन्ही शब्द मुळात एकच आहेत असं कुणी सांगितलं, तर आपण त्याच्याकडे जरा संशयानंच पाहू. पण आहे खरं तसं. फारसीत ‘शाह’ म्हणजे राजा. बुद्धिबळ इराणातून अरबांकडे आणि तिथून युरोपात गेलं, तेव्हा हा शब्दही त्याच्या बोटाला धरून गेला आणि फ्रेंचांच्या तोंडी बदलत बदलत इंग्रजीत ‘चेक’ झाला. आपल्याकडे तो सरळ वाटेनं आला, म्हणून ‘शह’च राहिला. राजाला अडवणं, मग नुसतंच अडवणं, मग पडताळून पाहणं, असा त्याचा अर्थ सरकत गेला. खोट्या कागदांना आळा बसावा म्हणून जी स्थळप्रत ठेवत, तिलाही अठराव्या शतकात ‘चेक’ म्हणू लागले.

बँकेत माझी पस्तीसएक वर्षं गेली. कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री आणि रविवारी. नोकरीच्या सुरुवातीला, ऐंशीच्या दशकात, फाउंटनजवळच्या फुटपाथवर एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश स्वस्तात मिळाला. पाठीची शिवण उसवलेली, पहिली काही पानं गायब. तो लोकलमध्ये वाचायचा नाद लागला. शेजारचे प्रवासी चकित व्हायचे. रहस्यकथा वाचणारा माणूस त्यांना समजे. शब्दकोश वाचणारा समजत नसे. पण रहस्यं त्यातही होती, आणि तीही माझ्याच टेबलावरची.

‘लेजर’ म्हणजे एका जागी पडून राहणारं पुस्तक. आमच्या शाखेतल्या खतावण्या उचलताना शिपाई काय पुटपुटत असे ते आठवलं की हा अर्थ मनोमन पटतो. ‘टेलर’, म्हणजे पैसे मोजून देणारा आमचा काउंटरवरचा माणूस, ‘टेल’वरून आला. ‘टेल’चा एक जुना अर्थ मोजणं. जर्मनमध्ये आजही मोजण्याचा शब्द आणि गोष्ट सांगण्याचा शब्द एकाच मुळाचे आहेत. मला वाटलं, ही युरोपी गंमत असेल. मग ध्यानात आलं की आपली ‘संख्या’ आणि आपलं ‘आख्यान’ ही दोन्ही ‘ख्या’ या एकाच धातूची लेकरं! दिवसा नोटा मोजून रात्री गोष्टी लिहिणाऱ्याला यापेक्षा मोठा बोनस कुठली बँक देणार?

‘बँकरप्ट’चं मूळ इटलीत आहे. सावकाराचा बाक, म्हणजे ‘बांका’, तो मोडला. आपल्याकडचं ‘दिवाळं’ मला यापेक्षा जास्त चित्रमय वाटतं. बुडालेला व्यापारी भर दिवसा दुकानात दिवा लावून ठेवी आणि लोक काय ते समजत, अशी त्याची हकीकत सांगितली जाते.

पण खरा खजिना सापडला तो ‘काउंटरफॉइल’मध्ये. पैसे भरायच्या स्लिपचा जो तुकडा शिक्का मारून आपण परत घ्यायचो, तो. या शब्दाच्या मागे कागदाचा पत्ता नाही. आहे ती लाकडाची काठी. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये राजाच्या तिजोरीत पैसे भरले की पावती म्हणून हेझलच्या झाडाची एक काठी मिळे. तिच्यावर आडव्या खाचा. बाराव्या शतकात रिचर्ड फिट्झनील नावाच्या खजिनदारानं या कारभारावर एक पुस्तकच लिहून ठेवलं आहे. हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीची, शंभराची अंगठ्याएवढी, विसाची करंगळीएवढी आणि एका पौंडाची पिकलेल्या जवाच्या दाण्याएवढी. खाचा पाडून झाल्या की काठी मधोमध उभी चिरायची. एक भाग मुठीसकट लांब, दुसरा आखूड. लांब भाग पैसे देणाऱ्याकडे. त्याला ‘स्टॉक’ म्हणत. आखूड तो ‘फॉइल’, तो तिजोरीत. हिशेबाच्या दिवशी दोन्ही एकमेकांना लावून पाहायचे. लाकडाच्या शिरा जुळल्या, खाचा जुळल्या, की व्यवहार खरा. आपल्या बाजूला कुणी चोरून एखादी खाच वाढवली, तर दुसऱ्या तुकड्यावर ती कुठून येणार? आमच्या खात्यातल्या कुठल्याही सही-पडताळणीपेक्षा ही पद्धत मला भक्कम वाटते. शेअरबाजारातल्या ‘स्टॉक’मागेही हीच काठी असावी, असं अनेक अभ्यासक मानतात.

आपल्याकडे दुधाचा रतीब भिंतीवर कोळशाच्या रेघांनी मांडत, त्याचीच ही दरबारी बहीण. फक्त भिंत चिरून अर्धी गवळ्याला देता येत नसे, त्यामुळे महिनाअखेरीस भांडणं ठरलेली.

या काठ्या इंग्लंडनं किती काळ वापराव्यात? १८२६ पर्यंत. बँक ऑफ इंग्लंड १६९४ मध्ये निघाली, नोटा आल्या, तरी तिजोरीतलं काठ्यांचं खातं चालूच. ते बंद करायचा कायदा अठराव्या शतकातच झाला होता. पण जुन्या मानकऱ्यांची पदं संपेपर्यंत थांबायचं ठरलं, आणि त्याला चाळीसहून अधिक वर्षं लागली. सरकारी काम! पुढे १८३४ च्या ऑक्टोबरात या निरुपयोगी काठ्या जाळून टाकायचा हुकूम निघाला. गरिबांना सरपण म्हणून वाटाव्यात, हे कुणाला सुचलं नाही. वेस्टमिन्स्टरला लॉर्ड्सच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत त्या दिवसभर कोंबल्या. १६ ऑक्टोबरच्या संध्याकाळी धुराड्यांतून आग भडकली आणि पार्लमेंटची जवळजवळ सगळी इमारत जळाली. टर्नरनं त्या ज्वाळांची चित्रं काढली, डिकन्सनं पुढे एका भाषणात या प्रकाराची यथेच्छ टर उडवली.

आता ‘मॉर्गेज’. जुन्या फ्रेंचमध्ये ‘मॉर्ट’ म्हणजे मेलेलं आणि ‘गेज’ म्हणजे गहाण. मेलेलं का? नंतरच्या कायदेपंडितांनी सांगितलं की कर्ज फिटलं नाही तर जमीन ऋणकोला मेली आणि फिटलं तर गहाण धनकोला मेलं. पण बाराव्या शतकातला, ग्लॅनव्हिलच्या नावानं ओळखला जाणारा कायदेग्रंथ वेगळा खुलासा करतो. गहाण जमिनीचं उत्पन्न सावकार खातो आणि त्यातला एक पैसाही मुदलातून वजा होत नाही, ते मेलेलं गहाण. उत्पन्नातून कर्ज फिटत गेलं तर ते जिवंत.

मी पुस्तकी माणूस, म्हणून मला हे वाचून कळलं. खेड्यातल्या एका शाखेत असताना विहिरीच्या कर्जासाठी आलेल्या एका म्हाताऱ्याला ते आधीच ठाऊक होतं. इंग्रजी छापील कागद पुढे सरकवला, तर अंगठ्याला शाई लावून घेऊनही तो थांबला.

“सायेब, ह्ये मार्गेज म्हंजी नजरगहाण का कब्जेगहाण?”

नजरगहाणात जमीन कसणाऱ्याच्या ताब्यात राहते, कब्जेगहाणात सावकाराच्या. मी म्हटलं, “बाबा, नजरगहाण. रान तुम्हीच कसायचं.”

“मंग हरकत न्हाई. आमच्या आज्याचं रान कब्ज्यात गेलं हुतं. पिकं तो खायचा आन् आकडा हाय तितकाच.” एवढं बोलून त्यानं अंगठा उठवला. ग्लॅनव्हिलला जे समजावायला लॅटिन लागलं, ते त्यानं एका वाक्यात सांगितलं होतं.

त्याच्या आज्याच्याही आधीच्या पिढीत, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यात भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरं आणि दुकानं गाठली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरलं. त्यांना हवी होती ती खतं, रोखे, कोर्टाचे हुकूमनामे. ती मिळाली की जाळायची. सावकारानं मुकाट्यानं दिली तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लावला गेला नाही. सरकारनं चौकशीसाठी कमिशन नेमलं आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यानं कोर्टांना रोख्यावरच्या आकड्यापलीकडे जाऊन सगळा व्यवहार मुळापासून तपासायची मुभा दिली.

सुप्याला जळालं ते ‘खत’. हा शब्द अरबीतून आला. तिथे त्याचा अर्थ लिहिणं, आणि त्याहून जुना अर्थ नुसती ओढलेली रेघ.