महिन्याला एकच खून

नंदुरबारला आमच्या घरी रोज रात्री जेवणानंतर खटला उभा राहतो. चिरंजीवांना ‘दिल्ली क्राइम’ हवे, ते नेटफ्लिक्सवर. सौभाग्यवतींना ‘पाताल लोक’, ते प्राइमवर. आणि मला ‘मानवत मर्डर्स’, ते सोनी लिव्हवर. तीन मालिकांच्या तीन वर्गण्या! मराठीच्या प्राध्यापकाने एका पगारात किती खुनी पोसावेत?

अखेर बाबूराव अर्नाळकर मदतीला धावले. त्यांच्या हजारावर रहस्यकथा! वाचनालयातून आम्ही त्या आणत असू. पण हातातली परत केल्यावाचून दुसरी मिळत नसे. तोच नियम घरात लावला. एका महिन्यात एकच वर्गणी. पाहून झाले की ती बंद, मग दुसरी. वर्गणी आपोआप पुढे चालू राहते, म्हणून बंद करण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेली असते.

पहिला मान ‘मानवत’ला मिळाला. तपास करणारे अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या पुस्तकावरून २०२४ साली ही मालिका निघाली. १९७०च्या दशकाच्या आरंभी परभणी जिल्ह्यातल्या मानवतला बायका-मुलींचे खून झाले; तपासात गुप्तधन आणि नरबळी यांचा विषय निघाला. शेवटचा भाग संपल्यावर आमची कॉलेजात जाणारी मुलगी म्हणाली, “बाबा, मारल्या गेलेल्या मुलींची नावं काय हो?”

आम्हा कोणालाच आठवेनात. आरोपींची मात्र तोंडपाठ होती!

तेव्हापासून मालिका निवडताना आम्ही एवढेच विचारतो : हिच्यात मेलेल्या माणसालाही घरदार, नाव आहे ना? या प्रश्नाने यादी बरीच आखूड झाली आहे. दिवाळीनंतरची पाळी सौभाग्यवतींची.