स्वरसंघातांची चिन्हे आणि संगणक

जॅझ व पाश्चात्त्य सुगम संगीतात वादकापुढील कागदावर गीताची चाल पंचरेषांवर लिहिलेली असते आणि तिच्या वर जागोजागी काही रोमन अक्षरे व आकडे दिसतात. ही स्वरसंघातांची, म्हणजेच कॉर्डची, चिन्हे होत. स्वरसंघात म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या तीन किंवा अधिक स्वरांचा समूह. चिन्हावरून पियानोवादकाला समूहातील स्वर कळतात. त्यांची मांडणी तो स्वतःच्या रुचीने करतो. वाचनासाठी त्याला क्षणभराचाच अवकाश मिळतो. म्हणून चिन्ह निःसंदिग्ध असणे ही केवळ टापटिपीची बाब नव्हे.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. सी या स्वराला षड्ज मानू. 'सी'पुढे मोठ्या लिपीतील 'एम' व ७ हा आकडा लिहिला, तर षड्ज, शुद्ध गांधार, पंचम व शुद्ध निषाद असा अर्थ होतो. तोच 'एम' लहान लिपीत असेल, तर गांधार व निषाद दोन्ही कोमल होतात. 'एम' अजिबात नसेल, तर फक्त निषाद कोमल राहतो. घाईने लिहिलेल्या हस्ताक्षरात ही दोन अक्षरे सारखी दिसली, की एक वादक शुद्ध गांधार वाजवतो आणि दुसरा कोमल. मैफलीचा रंग तेथेच बिघडतो.

अशा संक्षिप्त लेखनाची परंपरा जुनी आहे. सतराव्या शतकात युरोपात मंद्र स्वरांच्या ओळीला आकडे जोडून वरचे स्वर सुचवीत असत. विसाव्या शतकातील अक्षरचिन्हे मात्र वादकांच्या व्यवहारातून वाढली, त्यामुळे एकाच अर्थाला अनेक रूपे मिळाली. कोणी मायनरसाठी आडवी रेघ काढतो, कोणी मेजर सप्तमासाठी त्रिकोण. १९७६ मध्ये कार्ल ब्रँड्ट व क्लिंटन रोमर यांनी या चिन्हांच्या प्रमाणीकरणासाठी एक पुस्तक प्रसिद्ध केले. तरीही एकच पद्धत सर्वत्र रूढ झाली नाही.

हाताने लिहिण्याच्या काळात ही सारी जबाबदारी लेखनिकावर असे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोमंतकीय संयोजक वाद्यवृंदासाठी युरोपीय स्वरलिपीत लेखन करीत, तेही हातानेच. आता हे काम बहुतांशी संगणकावर होते. म्यूझस्कोर या प्रणालीत स्वर निवडून कंट्रोल व 'के' या कळा एकत्र दाबल्या, की चिन्ह लिहिण्याची जागा उघडते. फ्लॅटसाठी लहान 'बी' टंकलिखित करावा. त्याचे योग्य चिन्ह प्रणाली स्वतः करते. मोकळ्या जागेची कळ दाबली, की पुढच्या स्वरावर किंवा मात्रेवर जाता येते.

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानात घेतला पाहिजे. संगणक चिन्हाचे चित्र साठवत नाही. मूळ स्वर कोणता, प्रकार कोणता, मंद्र स्वर निराळा आहे काय, हा अर्थ तो साठवतो. म्हणूनच एका लेखनातून अनेक कागद तयार होतात. बी-फ्लॅट ट्रम्पेटवर लिहिलेला सी प्रत्यक्षात एक स्वर खाली ऐकू येतो. पियानोच्या कागदावरील सी स्वरसंघात त्या वादकाला डी असा दिसावा लागतो. हे रूपांतर आपोआप होते. जर्मन परंपरेत बी-फ्लॅटला 'बी' व शुद्ध बीला 'एच' म्हणतात. तो बदलही एका निवडीने साधतो. मात्र प्रणालीला न उमगलेले चिन्ह नुसता मजकूर होऊन राहते, त्याचा अर्थ हरवतो.

अर्थ असा निश्चित झाल्यावर रूपाचा विचार करावा. अक्षरांचा आकार, पंचरेषांपासूनचे अंतर, आकडे किंचित वर उचललेले असावेत की नसावेत, अक्षरवळण छापील हवे की जॅझवादकांच्या हस्ताक्षरासारखे, हे सर्व एकाच ठिकाणी ठरवता येते. एकेक चिन्ह हाताने सरकवण्यापेक्षा हा मार्ग श्रेयस्कर. कारण अंधूक प्रकाशात वाचणाऱ्या वादकाला सौंदर्याहून एकरूपता अधिक उपयोगी पडते.

या भेदाचे मोल दीर्घकाळ टिकणाऱ्या संग्रहांत विशेष जाणवते. १९८८ पासून प्रचारात असलेल्या फिनाले या प्रणालीचा विकास थांबवल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. तिच्यात लिहिलेल्या रचना अन्यत्र नेण्याचा एक मार्ग म्हणजे म्यूझिक-एक्सएमएल ही सामायिक लेखनपद्धती. तिची पहिली आवृत्ती २००४ मध्ये निघाली. तिच्यात स्वरसंघाताचा प्रकार आणि त्याचे दृश्य रूप यांची नोंद वेगवेगळी करता येते. अक्षरवळण बदलले तरी संगीत बदलत नाही. पण अर्थाची नोंदच झाली नसेल, तर सुंदर छापलेला कागदही पुढच्या पिढीला पुन्हा आरंभापासून लिहून काढावा लागेल.