गॅरेजमधून आलेल्या गाडीत लगेच माल भरू नका



गेल्या हंगामात आपल्या एका सभासदांच्या पिकअपचं हेड उतरवून गॅस्केट बदललं. संध्याकाळी गॅरेजमध्ये गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली. मिस्त्रींनी रेस देऊन दाखवली, पैसे दिले, गाडी घरी आली. रात्रीच टोमॅटोचे क्रेट भरले. पहाटे निघायच्या वेळी मात्र गाडी काही चालू होईना. सेल्फ मारून मारून बॅटरी बसली. दुसरी गाडी शोधून माल पोचेपर्यंत लिलाव उरकत आला होता.

बिघाड काय निघाला? डिझेल फिल्टरच्या पाईपला जो बोल्ट असतो, त्याखाली जुनाच तांब्याचा वॉशर परत बसवला होता. बस्स, एवढंच.

*संध्याकाळी चालू, पहाटे बंद. असं का?*

बऱ्याच गाड्यांत पंप टाकीतलं डिझेल ओढून घेतो. ओढणाऱ्या बाजूचा जोड सैल असला तर तिथून डिझेल गळत नाही, हवा आत शिरते. म्हणून खाली थेंब दिसत नाही आणि शंकाही येत नाही. गाडी रात्रभर उभी राहिली की लाईनमधलं डिझेल हळूहळू टाकीत परत उतरतं आणि त्या जागी हवा भरते. पहाटे पंपाला डिझेलऐवजी हवा मिळते. टाकीतच इलेक्ट्रिक पंप असेल, तर उलट होतं : पंप चालू असताना सैल जोडातून डिझेल बाहेर गळतं.

म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा : *दुरुस्तीनंतर नवीन तक्रार आली, तर आधी जिथे हात लागला तिथेच बघा.* नोजल गेले, पंप गेला असं कुणी म्हणालं तरी लगेच खोलायला देऊ नका. काय काय उघडलं होतं, ते मिस्त्रींना विचारा आणि तेवढे जोड आधी तपासून घ्या.

*गाडी चालूच होत नसेल तर*

१. सेल्फ एका वेळी १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये एक मिनिट थांबा, नाहीतर बॅटरीबरोबर सेल्फही जळेल.

२. सेल्फ जड फिरतोय? मग बॅटरीची टोकं आणि इंजिनला येणारी अर्थची वायर बघा. हेडच्या कामात ती सोडली जाते आणि कधी कधी सैलच राहते.

३. सेल्फ जोरात फिरतोय पण गाडी उचलत नाही? मग हवा काढा. चावी बंद ठेवा. फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू थोडा सैल करा आणि हँडपंप दाबत राहा. आधी बुडबुडे येतील. नुसतं डिझेल यायला लागलं की स्क्रू आवळा आणि पंप कडक लागेपर्यंत दाबा. हँडपंप नसेल तर त्या गाडीची पद्धत मिस्त्रींना विचारून घ्या.

४. हवा काढल्यावर चालू झाली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच? मग जोड हवा धरतोय. नवीन वॉशर आणि नवीन क्लिप टाकायला लावा. रोज हवा काढत बसणं हा इलाज नाही.

⚠️ *सावधान :* कॉमन रेल गाडीत नोजलकडे जाणारे लोखंडी पाईप सैल करून हवा काढू नका. तिथे १००० बारपेक्षा जास्त दाब असतो. त्या दाबाची बारीक धार कातडी फोडून आत जाते. गळती शोधायला तिथे हात फिरवू नका. हे काम जाणकाराचंच.

*गाडी चालू आहे, पण बरी वाटत नाही*

धुराचा रंग बघा.

▪️ *काळा :* हवा कमी पडतेय. टर्बोचा पाईप निसटलाय का, एअर फिल्टर नीट बसलाय का, काम करताना आत फडकं राहिलंय का, ते बघा.

▪️ *पांढरा :* थंड इंजिनला थोडा वेळ आला तर चालतो. गरम झाल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर पाणी सिलिंडरमध्ये जातंय. गाडी चालवू नका.

▪️ *निळसर :* ऑइल जळतंय. पट्टी काढून बघा, ऑइल खुणेच्या वर भरलंय का.

ऑइलचा दिवा इंजिन चालू झाल्यावर काही सेकंदांत विझलाच पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद करा. "घरापर्यंत जाईल" म्हणून चालवलेलं इंजिन घरी पोचतं ते नव्या क्रँकच्या खर्चासकट. पट्टीवरचं ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं, तर ऑइलमध्ये पाणी उतरलंय. तरीही बंदच.

हेड उतरवलं असेल तर पाण्याच्या लाईनमध्येही हवा अडकते. टाकी भरलेली दिसते आणि गाडी मात्र तापते. पहिल्या फेरीनंतर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, मगच झाकण उघडून पातळी बघा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.

*मग करायचं काय?*

गाडी मालाच्या आदल्या दिवशी नाही, निदान दोन दिवस आधी ताब्यात घ्या. रिकामी १५-२० किलोमीटर फिरवा, एखादा चढ चढवा. घरी आणून रात्रभर उभी ठेवा. सकाळी सेल्फ मारण्याआधी गाडीखाली ओल बघा, पाणी बघा, ऑइल बघा. मग एका सेल्फमध्ये उचलली, तर दुरुस्ती झाली समजा. गॅरेजमधल्या रेसवर विश्वास ठेवू नका, या सकाळच्या सेल्फवर ठेवा.

बिल लिहून घ्या, बदललेले जुने पार्ट मागून घ्या. जुना वॉशर तुमच्या हातात आला, म्हणजे तो परत गाडीत गेला नाही हे नक्की.

गाडीची काही तक्रार असेल तर धुराचा आणि आवाजाचा छोटा व्हिडिओ काढून याच नंबरवर पाठवा. सोबत काय दुरुस्ती झाली तेही लिहा.