कार्व्हरनंतरचं टस्कीगी

अलाबामातल्या टस्कीगी या लहानशा गावाचं नाव मराठी घरांत सहज ओळखीचं आहे, हे एखाद्या अमेरिकन माणसाला सांगून पटणार नाही. श्रेय वीणा गवाणकरांचं. १९८१ मध्ये आलेलं ‘एक होता कार्व्हर’ शाळांच्या बक्षीस समारंभांतून, वाढदिवसांतून अजून हातोहात फिरतं आहे. मात्र आपल्यापैकी बहुतेकांचं टस्कीगी ५ जानेवारी १९४३ ला, कार्व्हर गेले त्या दिवशी थांबतं. ते जिथे शिकवत ती संस्था थांबली नाही. तिची वाढ कुणाच्या पैशावर झाली आणि त्या पैशाने तिला काय करायला लावलं, हे पाहिलं की कार्व्हरांची प्रयोगशाळाही वेगळ्या उजेडात दिसते.

सुरुवातीचं अनुदान वर्षाला २,००० डॉलर. अलाबामाच्या विधिमंडळाने ते मंजूर केलं, पण फक्त शिक्षकांच्या पगारासाठी. जागा, इमारत, बाकं यांसाठी एक सेंटही नाही. (आपल्याकडच्या संस्थाचालकांना हा प्रकार ओळखीचा वाटेल.) ४ जुलै १८८१ ला पंचविशीतल्या बुकर टी. वॉशिंग्टन यांनी चर्चजवळच्या एका मोडक्या खोपटात ३० कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना घेऊन वर्ग सुरू केला. छप्पर इतकं गळकं की पाऊस आला की एक विद्यार्थी उठून मास्तरांच्या डोक्यावर छत्री धरायचा आणि शिकवणं पुढे चालायचं.

गावाबाहेर १०० एकरांचा एक ओसाड मळा ५०० डॉलरला मिळत होता. अर्धी रक्कम आधी, उरलेली वर्षभरात. ते २५० डॉलर वॉशिंग्टन यांनी हॅम्प्टन या आपल्या जुन्या शाळेच्या खजिनदाराकडून उसने घेतले. मळ्यावर उभं काय होतं? एक स्वयंपाकघर, एक जेवणघर, एक तबेला आणि कोंबड्यांचं खुराडं. खुराडं झाडूनपुसून तिथेही वर्ग भरला.

मग विटा. गावात वीटभट्टी नव्हती आणि संस्थेत कुणालाच विटा भाजता येत नव्हत्या. चिखल तुडवायला मुलं नाखूश होती. शिकायला आलो ते या चिखलातून सुटायला, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पहिली भट्टी फसली, दुसरी फसली, तिसरी भाजून होत आली असताना रात्री ढासळली. हातात पैसा उरला नाही, तेव्हा वॉशिंग्टन यांनी माँटगोमेरीला जाऊन स्वतःचं घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकलं. चौथी भट्टी साधली. घड्याळ सोडवायची मुदत तेवढ्यात उलटून गेली आणि ते गेलं ते गेलंच. पण गावातले गोरे लोक विटा विकत घ्यायला संस्थेच्या दारात येऊ लागले. पहिल्या २० वर्षांत ४० इमारती उभ्या राहिल्या, त्यातल्या ४ सोडून सगळ्या विद्यार्थ्यांच्या हातच्या. पुढच्या बऱ्याच इमारतींचे आराखडे रॉबर्ट टेलर यांचे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची पदवी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय.

रयतच्या वसतिगृहांत वाढलेल्या वाचकाला इथे ‘कमवा आणि शिका’ आठवणारच. फरक इतका की कर्मवीरांना देणगी मागायला शत्रूच्या गोटात जावं लागलं नाही. वॉशिंग्टन यांना एकीकडे दक्षिणेतल्या गोऱ्यांना सांभाळायचं होतं आणि दुसरीकडे उत्तरेतल्या गिरणीमालकांकडे झोळी पसरायची होती. सुतारकाम, शेती, शिवणकाम शिकवतो म्हटलं की दोघेही खूश. १९०३ मध्ये अँड्र्यू कार्नेगींनी ६ लाख डॉलर दिले. त्याच वर्षी कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांनी ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’मध्ये वॉशिंग्टन यांच्यावर कडक टीका केली: हातांना काम देण्याच्या नादात उच्च शिक्षण आणि मताधिकार दोन्ही सोडून देता आहात. मला ड्यू बॉइस यांचं म्हणणं पटतं. पण १९१५ मध्ये वॉशिंग्टन वारले तेव्हा १०० च्या वर इमारती, सुमारे १,५०० विद्यार्थी आणि २० लाख डॉलरच्या आसपास कायमनिधी मागे होता, हेही विसरता येत नाही. पदव्या सुरू करायला आधी संस्था जिवंत राहावी लागते.

पदव्या दुसरे प्रमुख रॉबर्ट मोटन यांनी १९२० च्या दशकात सुरू केल्या. पण त्यांची खरी परीक्षा १९२३ मध्ये झाली. पहिल्या महायुद्धातल्या कृष्णवर्णीय सैनिकांसाठी टस्कीगीला सरकारी रुग्णालय उभं राहिलं, आणि त्यात डॉक्टर मात्र गोरेच हवेत असा गावच्या गोऱ्यांचा हट्ट. कू क्लक्स क्लॅनने मोर्चा काढला, मोटन यांना धमक्या आल्या. ते हटले नाहीत. पुढच्याच वर्षी रुग्णालयाची सूत्रं डॉ. जोसेफ वॉर्ड या कृष्णवर्णीय डॉक्टरांकडे आली.

सगळ्यात लांबचं पाहिलं ते तिसऱ्या माणसाने, आणि त्याचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. फ्रेडरिक पॅटर्सन. लहानपणीच आईबाप क्षयाने गेलेले, शिक्षणाने पशुवैद्य. १९३५ मध्ये त्यांनी सूत्रं घेतली तेव्हा मंदी होती आणि धनिकांच्या देणग्या आटल्या होत्या. पॅटर्सन यांनी मोर्चा सरकारी गरजांकडे वळवला. १९३९ मध्ये नागरी वैमानिक प्रशिक्षणाची योजना मिळवली आणि १९४१ मध्ये लष्करी वैमानिकांचं प्राथमिक प्रशिक्षण. विमानतळासाठी कर्ज दिलं रोझेनवाल्ड फंडाने. फंडाच्या विश्वस्त एलिनॉर रूझवेल्ट त्याआधी टस्कीगीच्या मुख्य प्रशिक्षकाबरोबर विमानातून फेरी मारून आल्या होत्या. १९४६ पर्यंत जवळजवळ १,००० वैमानिक तिथून बाहेर पडले. वेगळं प्रशिक्षण म्हणजे वर्णभेदाला दिलेली मान्यताच, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो बिनबुडाचा नव्हता. पॅटर्सन यांनी तो ऐकून घेतला आणि धावपट्टी बांधली.

जानेवारी १९४३ मध्ये त्यांनी ‘पिट्सबर्ग कुरिअर’मध्ये एक सूचना मांडली. प्रत्येक कृष्णवर्णीय महाविद्यालय एकेकट्याने त्याच त्या श्रीमंतांच्या दारात उभं राहतं. त्यापेक्षा सगळ्यांनी एकत्र येऊन सामान्य लोकांकडून छोट्या रकमा का गोळा करू नयेत? पोलिओसाठी दहा-दहा सेंट जमवणारी मोहीम डोळ्यांसमोर होतीच. एप्रिल १९४४ मध्ये २७ महाविद्यालयांचा युनायटेड नीग्रो कॉलेज फंड उभा राहिला. तो आजही चालू आहे. टस्कीगीच्या वाढीच्या सगळ्या बेतांत मला हा सर्वात मोठा वाटतो, कारण तो फक्त टस्कीगीसाठी नव्हता.

त्याच सुमारास त्यांनी पशुवैद्यकीय महाविद्यालय उघडलं. तीसेक किलोमीटरवर ऑबर्नला असं महाविद्यालय कधीपासूनच होतं, पण त्याचं दार कृष्णवर्णीयांना बंद. पॅटर्सन यांना स्वतःला त्यासाठी आयोवा गाठावं लागलं होतं. आज अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पशुवैद्यांपैकी ७० टक्क्यांच्या आसपास टस्कीगीचे आहेत.

त्यानंतरची वाढ संथ होती. १९५७ मध्ये टेलर यांनी बांधलेलं चॅपल जळालं. नवं पुरं व्हायला १९६९ उजाडलं. पॉल रुडॉल्फ यांचा मूळ आराखडा काँक्रीटचा होता, प्रत्यक्षात इमारत विटांची झाली. १९८५ मध्ये ‘इन्स्टिट्यूट’चं ‘युनिव्हर्सिटी’ झालं.

मधल्या काळात एक डाग उघडा पडला. १९३२ पासून ४० वर्षं सरकारी आरोग्य सेवेने त्या परिसरातल्या सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर सिफिलिसचा अभ्यास केला. ज्यांना रोग होता त्यांना पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते दिलं नाही. संस्थेचं रुग्णालय त्यासाठी वापरलं गेलं. सरकारी पैसा आणि सरकारी मैत्री यांची ही दुसरी बाजू. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली, आणि १९९९ मध्ये त्याच आवारात संशोधनातल्या नीतिमत्तेचं राष्ट्रीय केंद्र सुरू झालं.

२०२० मध्ये मॅकेन्झी स्कॉट यांनी विद्यापीठाला २ कोटी डॉलर दिले. कशावर खर्च करायचे, याची कुठलीही अट घातली नाही. वॉशिंग्टन यांच्या वाट्याला असा दाता क्वचितच आला असेल. दरम्यान पशुवैद्यकातली टस्कीगीची जुनी मक्तेदारी सुटू घातली आहे. मेरीलँडमधल्या एका कृष्णवर्णीय विद्यापीठाने स्वतःच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची तयारी चालवली आहे. टस्कीगीला आता विद्यार्थी आणि प्राध्यापक दोन्हींसाठी स्पर्धा करावी लागेल, आणि तीही आपल्याच लोकांशी.